सातवा रकाना

शहापूर,
रविवार, २० जुलै २०२५

चि. सौ. रुपाले चंद्रकलाताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल. तू, प्रविण, मोना अन् आपले बाबा, तुम्ही चौघंही चिखल्याले खुशालच असाल. पाकीट पाहून घाबरू नको बाप्पा. कोणी गेलं नाही, कोणाचं लग्न जमलं नाही. तू म्हणशील, फोन असताना ताईले पत्राची काय हौस आली! पण फोनवर आपलं बोलणं होते काय वं? "जेवली का?" "हो ताई." "बाबा बरे?" "हो ताई." मंग तू फोन प्रविणच्या हातात देते अन् तो मले खाणीतल्या शिफ्टा सांगत बसते. सोळा वर्षं झाली तू माझ्या भावाची बायको होऊन, पण फोनवर दोन मिनिटांच्या वर तू मले सापडली असशील तर शपथ.

दुसरं कारण म्हणजे सोबत एक फॉर्म आहे. त्याच्यावर तुझी सही पाहिजे, अन् सही काही फोनवर होत नाही.

फॉर्मचं सांगायच्या आधी घरचं सांगते. आमचे टेकचंदराव सध्या सैपाक शिकून राहिले. मी ऑगस्टच्या एकतीसले रिटायर होणार, तर हे म्हणतात की तुझ्या आधी मी तयार होतो, नाही तर तू दिवसभर घरी राहून माझ्याच चुका काढशील. काल तरोट्याची भाजी केली. मीठ दोनदा पडलं. मी गुपचूप खाल्ली, कारण चौतीस वर्षं त्यांनीही माझी खाल्ली.

आता फॉर्म. गेल्या महिन्यात नागपूरच्या एका संस्थेतून स्वाती मॅडम आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात आल्या. तिशीच्या असतील, बोलणं गोड, अन् लॅपटॉप सारखा मांडीवर. त्यांले हे काढायचं आहे की अजून दहा वर्षांनी, म्हणजे २०३५ साली, आपल्या भागात रजिस्टर्ड नर्सा किती लागतील अन् किती असतील. 'किती लागतील' हे त्यांनी पटापट काढलं. खाटा किती वाढतील, बाळंतपणं किती होतील, साठीच्या वरचे म्हातारे किती असतील, बीपी-शुगरवाले किती. रेष सरळ वर जाते. त्यातले म्हातारे म्हणजे आम्हीच वं! मी अन् टेकचंदराव त्या रेषेत बसलेलो पाहून मले हसू आलं.

घोडं अडलं ते 'किती असतील' याच्यावर. आमच्या नर्सिंग स्कूलचं रजिस्टर माझ्या ताब्यात. तू तिथूनच शिकली, मीही तिथूनच, अन् तिथंच मेट्रन झाली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मॅडम, एकट्या आमच्या स्कूलच्या दोनशे बारा पोरी आहेत रजिस्टरात. तुटवडा कायचा?" त्यांनी लिहून घेतलं. तीन दिवसांनी गोड आवाजात विचारलं, "यातल्या आज कामावर किती?" मी म्हटलं, काढून सांगते. तिथून माझी फजिती सुरू झाली.

पहिली गोष्ट म्हणजे दोनशे बारा बाया नाहीतच. आपल्या इकडची रीत तुले ठाऊक आहे. शिकते तेव्हा बापाच्या नावानं शिकते, अन् नर्सिंग रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाच्या कागदावर शिक्का मारायले येते ते सासरच्या नावानं. आमच्या क्लार्कनं दर वेळी नवी ओळ लिहिली. अशा सतरा बाया दुप्पट झालेल्या, अन् त्यातली एक तू. अठ्ठावन्न नंबरले कु. रुपा नत्थू बांते, अन् एकशे एकतीसले सौ. रुपा प्रविण सार्वे. मी पाहून हसली. रजिस्टरात तू दोनदा आहेस अन् वॉर्डात एकदाही नाहीस.

मंग मी एकेकीचा पत्ता काढत फिरली. रविवारी टेकचंदरावांच्या गाडीवर मागं बसून, बाकी दिवस फोनवर. सहा जणी वारल्या. एकवीस रिटायर झाल्या. एकोणपन्नास बाहेर आहेत, नागपूर, पुणे, दुबई, अन् एक पोट्टी तर जर्मनीले. बाहेरच्यांचं मले काही वाटलं नाही, जिथं आहेत तिथं काम करून राहिल्या. पण अठ्ठेचाळीस जणी इथंच आहेत, आपल्या जिल्ह्यात, धडधाकट, अन् घरी. एकीच्या घरी गेली तर तिनं शिकतानाची कात्री अजून धार लावून ठेवलेली. भाजी कापते त्या कात्रीनं.

या अठ्ठेचाळीस जणींचं काय लिहायचं हे मले समजून नव्हतं राहिलं. ते समजवलं तुळसाबाईनं. आठवते ना, गावातली धानाच्या रोवणीची टोळी जिच्या शब्दावर उठते-बसते ती? परवा ओट्यावर बसून बोटं मोजून राहिली होती, आमच्या तीन एकराले बाया किती म्हणून. मी म्हटलं, "तुळसाबाई, गावात दीडशे तरी बाया असतील, चिंता कायची?"

तिनं कपाळावर हात मारला. "काय वं मेट्रनबाई, गावात बाया किती ते कायले मोजता? बांधीत उतरतीन किती ते मोजा!"

अन् मंग तिनं बोटावर अख्खं गाव मोजलं. चंदाची सून पोटुशी आहे. दुर्गाबाईचं गुडघं गेलं. दोघी जणी वरठीले कामाले लागल्या. चौघींची लेकरं लहान. मी म्हटलं, "म्हणजे लेकरंवाल्या चारही गेल्या."

"कायले जातात? दुर्गाबाईले बांधीच्या कडेले धुऱ्यावर झाडाखाली बसवतो, चारही लेकरं तिच्याजवळ. गुडघं गेलं, डोळे तं हायेत. येक बसली का चार उतरल्या. अन् तिले बी बाकीच्याइतकीच मजुरी हाय, कमी नाई. घरी बसलेल्या बाईले आधी इचारा लागते, का वं माय, काहून नाई येऊन राहिली? ते न इचारता कोन मोजते?"

हे मी स्वाती मॅडमले सांगितलं तर त्यांनी लॅपटॉप बंद करून ऐकलं. म्हणाल्या, "आम्ही हेच करतो मॅडम, फक्त दोन वर्षं लावतो." मंग त्यांनी हा फॉर्म बनवला. घरी असलेल्या अठ्ठेचाळीस जणींले जाऊन राहिला. सातवा रकाना आहे 'काम सोडण्याचं कारण', अन् आठवा आहे 'पुन्हा कामावर यायची इच्छा, होय/नाही'. सातव्यात तू 'कौटुंबिक' लिहिलं तरी चालते. बहुतेक जणींनी तेच लिहिलं. डोकं खाजवत बसू नको.

बाबा तुझ्याच हातचं जेवतात असं प्रविण म्हणत होता. तू आहेस म्हणून आम्ही इकडे निश्चिंत आहोत. राखीले मी येणारच आहे, तेव्हा फॉर्म हातात दे. मोनाले सांगजो, आत्या तिच्यासाठी सायकलची घंटी आणून राहिली.

तुझी,
चंद्रकलाताई

*

शहापूर,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

चि. सौ. रुपाले आशीर्वाद.

काल राखीले तुझ्याकडं आली, पोटभर जेवली, प्रविणले राखी बांधली, मोनाची घंटी वाजवून वाजवून कॉलनी उठवली. सगळं बोलली. जे बोलायचं होतं तेवढं सोडून सगळं. मी निघताना तू लाडवाच्या डब्याखाली पाकीट ठेवून दिलं, ते मी आज सकाळी उघडलं. म्हणून हे पत्र.

आधी सांगते की काल काय पाहिलं. बाबा दारातल्या खाटेवर. खुबा मोडल्यापासून मी त्यांले चार-पाचदा पाहिलं असेल, दर वेळी नातेवाईक म्हणून, बिस्किटचा पुडा घेऊन. काल मेट्रनच्या नजरेनं पाहिलं. तू वडे तळता तळता आली, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, म्हातारा कुशीवर. गुडघ्यांच्या मधात उशी, चादरीची सुरकुती ओढून सरळ. परत वड्यांपाशी. कढईतला वडा लाल नाही झाला तेवढ्यात. त्याच अर्ध्या तासात कॉलनीतल्या तीन बाया बीपी पाहायले आल्या. एकीले तू सांगितलं, आजच डॉक्टरकडं जा, उद्यावर टाकू नको, अन् ती गेलीही. बाबा मले म्हणतात, "हे माही डाक्टरीन हाय बरं." मी म्हटलं, माहीत आहे मले. काय माहीत होतं मले, कप्पाळ!

आता तुझा फॉर्म. नाव, गाव, शिक्षण, सगळं बरोबर. सातवा रकाना कोरा. आठव्यात ना 'होय'वर खूण ना 'नाही'वर. बाजूच्या जागेत बारीक अक्षरात तू लिहिलं आहे: 'आजवर कोणी विचारलं नव्हतं.'

मी ते ओट्यावर बसून वाचलं. टेकचंदराव चहा घेऊन आले, तर मी म्हटलं तिथंच ठेवा अन् जा. ते बिचारे ठेवून गेले. चहा थंड झाला.

रुपा, मी काय टाळून राहिली होती ते तुले माहीत आहे. पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाही, म्हणून लिहिते. नऊ वर्षं झाली मायले लकवा मारला त्याले. दवाखान्यातून शहापूरच्या घरी आणलं त्या दिवशी आपण सगळे बसलो होतो, बाबा, प्रविण, टेकचंदराव, मी. तू तालुक्याच्या दवाखान्यातून ड्यूटी करून सरळ आली होती, पिशवीतून ॲप्रनची बाही बाहेर दिसत होती. सगळ्यांले चहा देऊन तू दाराजवळ उभी राहिली. घरात नर्सा दोन अन् खाटेवर माय. एकीनं घरी राहा लागते हे सगळ्यांले समजत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. बोलली मी. "रुपा आहे ना. तिची नोकरी कंत्राटी, आज आहे उद्या नाही. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, अन् तिच्या हाताले सवय आहे." प्रविणनं तुझ्याकडं पाहिलं. तू कप उचलले अन् आत गेली. मी ते 'हो' समजली. समजली म्हणजे काय, मले तसंच समजायचं होतं.

अन् आता जे कोणालेच माहीत नाही ते. त्या महिन्यात माझी मेट्रनची बढती होती. ट्रस्टच्या साहेबांनी मले स्वतःहून म्हटलं होतं, आई आजारी आहे, वर्षभराची रजा घ्या, नोकरी कुठं जात नाही, पण बढती दुसऱ्या सिस्टरले जाईल. मी घरी कोणाले रजेचं सांगितलंच नाही. टेकचंदरावांलेही नाही. आज सकाळी सांगितलं. ते म्हणाले, "तिले सांग, मले काय सांगते." म्हणून तुले सांगून राहिली.

दोन-तीन महिन्यांचे सहा वर्षं झाले. माय तुमच्याजवळ चिखल्याले होती, मी दिवाळीले साडी घेऊन यायची अन् तासभर हात धरून बसायची. ती गेली तेव्हा शेवटची आंघोळ घालायले मी होती. मी तिची पाठ पाहिली रुपा. सहा वर्षं पडून असलेल्या बाईची पाठ. एक डाग नाही, एक जखम नाही. माझ्या वॉर्डात पंधरा दिवस पडलेल्या माणसाले जखम होते अन् मी पोरींवर ओरडते. मी त्या वेळी खूप रडली, अन् सगळ्यांले वाटलं मायसाठीच. मायसाठी होतंच. पण अर्धं तुझ्यासाठी होतं, लाजेनं.

तरी तेरवीले मी चार लोकांत काय म्हटलं? "रुपानं फार सेवा केली." सेवा! ती नर्सिंग होती, तू नर्स आहेस, अन् मी नर्स असून मले तो शब्द सुचला नाही. सेवा म्हटलं की सुट्टी नाही, बदली नाही, अन् 'आता बस झालं, जा कामावर' असं कोणी म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. मंग बाबा पडले, अन् पुन्हा सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. या वेळी तर मले बोलायचीही गरज पडली नाही.

आज फॉर्म वाचून मी दवाखान्यात गेली. रविवार असून. रजिस्टर काढून एकशे एकतीसची ओळ पाहिली, या वेळी तारखेसकट. २०२१! म्हणजे माय खाटेवर होती, तू पाच वर्षं घरी होती, तेव्हा तू ट्रेनिंगचे तास पुरे करून नूतनीकरण केलं. आमच्याच स्कूलमधून शिक्का मारून नेला, माझ्या केबिनपासून दहा पावलांवर, अन् मले भेटली नाही. ज्याले परत यायचं नसते तो माणूस नाव जित्तं ठेवते काय वं? क्लार्कनं ती ओळ चुकून दोनदा लिहिली म्हणून मी हसली होती. आता हसू येत नाही.

तर ऐक. तुळसाबाईची रीत मी आपल्या घराले लावून पाहिली. माझे गुडघे अजून शाबूत आहेत, पण एकतीस तारखेपासून मी बसणारच आहे. मंग रिकामी काहून बसू? बाबा इकडे येतील, शहापूरले. त्यांचं स्वतःचं गाव आहे, खाट ओट्यावर टाकली का समोर धानाच्या बांध्या दिसतात, दिवसभर लोकांले शिव्या देतील अन् बरे राहतील. त्यांले उचलायले टेकचंदराव आहेत, तेवढा वेळ तरी भाजीत दोनदा मीठ पडणार नाही. मी नर्स आहे, चौतीस वर्षांची. मले येते ते काम, फक्त घरी कधी केलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात, तुझ्या जुन्याच ठिकाणी, दोन जागा खाली आहेत. मुलाखत वीस तारखेले. मी कोणाले फोन करणार नाही, शब्द टाकणार नाही. तुले माझी ओळख लागत नाही.

फक्त विचारते. नऊ वर्षं उशिरा विचारते. रुपा, तुले कामावर जायचं आहे काय?

'हो ताई' म्हणू नको. ते मी फोनवर खूप ऐकलं. मनात असेल तेच लिहिजो, राग असेल तर राग लिहिजो. अन् हे देवाणघेवाण नाही. तू नाही म्हटलं, चिडली, उत्तर दिलं नाही, तरी बाबा इकडे येतीलच.

फॉर्म परत पाठवून राहिली. आठवा तुझा आहे. सातव्यात मी एक शब्द लिहिला आहे, पेन्सिलनं. तुले पटला तर ठेवजो, नाही तर खोडजो. शब्द आहे 'नणंद'.

चंद्रकला

*

शहापूर,
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

प्रिय रुपा,

आज मी सकाळी मेट्रन होती अन् संध्याकाळी नाही. निरोपाचा कार्यक्रम कालच झाला. शाल, नारळ, घड्याळ. चौतीस वर्षं घड्याळाकडं पाहून काम केलं, अन् रिटायर होताना अजून एक दिलं! पोरींनी भाषणं केली, सगळ्या म्हणाल्या मॅडम कडक होत्या पण मनानं चांगल्या. कडकचे पुरावे दिले, चांगल्याचे कोणी दिले नाहीत. मजा आली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रविण गाडी करून बाबांले घेऊन आला, तू आली नाही. मी समजली. गाडीतून बाबा उतरले ते ओरडतच, "माही खाट कोणत्या तोंडानं टाकली बे टेकचंद?" टेकचंदरावांनी तीनदा फिरवली. आता बांध्या दिसतात, रस्ता दिसते, अन् तुळसाबाई येता-जाता दिसते. धान पोटरीवर यायच्या आधी किती पाणी ठेवायचं याच्यावर दोघांचं रोज भांडण होते. परवा मी विचारलं, "बाबा, रुपाची आठवण येते?" तर म्हणतात, "येते. तिचा हात हलका हाय, तुहा जड हाय." मी म्हटलं, होईल हलका, वेळ द्या.

प्रविणनं तुझं पाकीट दिलं. त्यात चिठ्ठी शोधली मी, कुठंच नव्हती. दोनच कागद. पहिला तो फॉर्म. आठव्यात 'होय'ले गोल. अन् सातव्यात माझा पेन्सिलचा शब्द तू खोडला नाही. तू त्याच्यावर पेनानं गिरवलं. एकेक अक्षर, सावकाश, वरची रेघही.

खरं सांगू? मले वाटलं होतं तू खोडशील. खोडशील अन् 'जाऊ द्या ताई' म्हणशील, अन् मी सुटीन. तू सोडलं नाही. दिवसभर तो कागद घेऊन फिरली, अन् सांजेपर्यंत मले बरं वाटायले लागलं. जे खरं आहे ते आता पेनानं लिहिलेलं आहे, अन् ते लिहूनही तू बाबांले माझ्या घरी पाठवलं. याच्यापेक्षा जास्त मी काय मागू वं?

स्वाती मॅडमनं फॉर्म पाहिला तर बुचकळ्यात पडल्या. "मॅडम, याले कोणत्या कोडमध्ये टाकू?" मी म्हटलं, "नवा कोड काढा. खाली जागा सोडा, सासू, जाऊ, नवरा, सगळे येतील." हसल्या, पण काढला. अन् ऐक, अठ्ठेचाळीस पैकी एकतीस जणींनी 'होय' लिहिलं! अट सगळ्यांची एकच, घरी पाहायले कोणी द्या. मॅडमनं त्यांच्या आलेखात आणखी एक रेष काढली. म्हणाल्या, दहा वर्षांचा जो खड्डा दिसून राहिला होता त्यातला बराचसा याच बायांनी भरते, पण त्या आपोआप येणार नाहीत, कोणी तरी धुऱ्यावर बसा लागते. 'धुऱ्यावर' हा शब्द त्यांच्या तोंडी ऐकून मी खुश झाली. तुळसाबाईले सांगितलं तर ती म्हणते, "याच्यासाठी नागपूरहून आली होती का ते पोट्टी?"

दोनशे बारावर मी छाती काढली होती, ते आकडे आता असे आहेत: जिल्ह्यात कामावर एकाहत्तर, घरी अठ्ठेचाळीस. हे आजच्या दिवसापुरतं. मुलाखतीत तुझी निवड झाली हे प्रविणनं सांगितलंच, उद्या सोमवार, तू कामावर रुजू होणार. मंग बहात्तर अन् सत्तेचाळीस. आज मी उतरली म्हणून बहात्तरचे पुन्हा एकाहत्तर. मॅडमच्या हिशेबात कामावरच्या आकड्यात काहीच बदललं नाही. आपल्याले माहीत आहे काय बदललं ते.

मी माझाही फॉर्म भरला. मॅडम म्हणाल्या रिटायर झालेल्यांले लागत नाही. मी म्हटलं, मले भरायचा आहे. सातव्या रकान्यात लिहिलं: 'बाबा. आपल्या मर्जीनं.'

आता दुसरा कागद. तो मी आतापर्यंत दहा वेळा वाचला असेल. वॉर्डात शिफ्ट बदलताना लिहितात तसा, तुझ्या बारीक अक्षरात. इथं उतरवून ठेवते, कारण मूळ कागद सही करून तुले परत पाठवून राहिली.

'रुग्ण: तुलाराम सार्वे, वय ८२. उजवा खुबा, ऑपरेशन झालेलं. दर दोन तासांनी कूस बदलावी, गुडघ्यांच्या मधात उशी. बीपीची गोळी सकाळी चहानंतर. चहाआधी दिली तर थुंकतात. भात मऊ. तरोट्याची भाजी मागतील, देऊ नये, पोट बिघडते. चिडले तर धानाचं विचारावं, शांत होतात. दुपारी दोनच्या सुमारास सासूबाईंचं नाव घेऊन हाक मारतात, तेव्हा "आहे" म्हणावं. पाठ साफ, जखम नाही.

चार्ज देणार: रुपा सार्वे, स्टाफ नर्स.
चार्ज घेणार:'

त्याच्यापुढं तू जागा सोडली आहे. आठवडाभर मी सही केली नाही. आधी काम करून पाहावं अन् मंग करावी, असं ठरवलं होतं. आज दुपारी बाबांनी दोन वाजता हाक मारली, "सुलोचना!" मी भाजी निवडून राहिली होती, हात तसेच घेऊन गेली अन् म्हटलं, "आहे." त्यांनी डोळे मिटले. मी त्यांची कूस बदलली, पाठ पाहिली, चादर ओढली. या वेळी ते हाताविषयी काही बोलले नाहीत.

उद्या पहिला दिवस. डबा घेऊन जाजो, अन् घराकडं मागं वळून पाहू नको. मोनाले तिचा भात तिच्या हातानं वाढून घेऊ दे, अन् प्रविणले सैपाक शिकायचा असेल तर टेकचंदरावांचा नंबर दे. ॲप्रन नवा घेतला का जुनाच आहे? जुना असेल तर छान. बाहीले इस्त्री करजो.

पाठ साफ, जखम नाही. चार्ज घेतला.

चंद्रकला लांजेवार,
नणंद